सुएझच्या कालव्याआडून

पुरसवाक्कम, मद्रास
सोमवार, १९ नोव्हेंबर १९५६

दत्ताजी,

आज, सोमवार, १९ नोव्हेंबर १९५६ रोजी, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी, वेस्ट मांबलममधल्या तुझ्या दुकानाच्या पायरीवर तू मला तेल नाकारलंस. वेळ मी माझ्या मनगटावरच्या घड्याळात पाहिली. तुझ्या भिंतीवरच्या घड्याळाची काच कुणी वर्षभर पुसलेली दिसत नाही.

मी काय मागितलं होतं? इंजिनात घालायचं एक गॅलन तेल. गेली अकरा वर्षं दर शनिवारी मी तुझ्याकडून तेल नेते. या शनिवारी पाऊस होता म्हणून सोमवारी आले, एवढाच काय तो माझा अपराध. तू हात जोडलेस आणि म्हणालास, "आत्या, तेल नाही. सुएझ बंद आहे ना!"

सुएझ बंद आहे हे मला ठाऊक आहे. खालच्या बिऱ्हाडातली सरोजा मला रोज सकाळी पेपर वाचून दाखवते, कारण हल्ली छपाई फार पुसट झाली आहे. कालव्यात जहाजं बुडवलीत, बाकीची आफ्रिकेला वळसा घालून येणार, पेट्रोल मोजून देणार, भाव चढणार, सगळं मी ऐकते. आमच्या रस्त्यावरचा बंकवाला अर्ध्या टाकीवर पेट्रोल देत नाही. शेजारच्या वकिलांकडे तर मोटारच नाही, तरी त्यांनी तेलाचे दोन डबे आणून पलंगाखाली ठेवलेत. विचारलं तर म्हणाले, "असू द्यावेत."

पण तुझ्या दुकानातली पिंपं नवरात्राच्या आधी आलेली आहेत. मी कोलूच्या बाहुल्यांच्या पायऱ्या मांडायच्या आधी ज्या तेलानं कालवा ओलांडला, ते आता कालव्यात अडकलं कसं? मी छत्रीच्या मुठीनं तुझी तिन्ही पिंपं वाजवून पाहिली. रिकामं पिंप घणघणतं. तुझी तिन्ही 'धप' म्हणाली. आणि मी गाडीत बसते न बसते, तोच तुझ्या माणसानं एका लॉरीवाल्याचा डबा भरायला घेतला.

माझी गाडी १९३७ची आहे. म्हातारी झाली आहे आणि तेल पिते, हे मी लपवत नाही. त्या तेलावर मी दर मंगळवारी एन्नोरला लिलियन रोझारियोकडे जाते. पोस्टाच्या डेड लेटर ऑफिसात तीस वर्षं ती माझ्या शेजारच्या टेबलाला होती. आता तिचे पाय गेलेत आणि आठवड्यात माझ्याशिवाय तिच्याकडे कुणी येत नाही. उद्याचा मंगळवार तुझ्यामुळे बुडणार.

तू माझ्या चुलतभावाचा, एकोजीचा मुलगा. सहा वर्षं माझ्या घरी राहून शिकलास. हे पत्र इंग्रजीत लिहिलं असतं तर तुझ्या कारकुनानंही वाचलं असतं. घरातली गोष्ट घरात राहावी म्हणून मराठीत लिहिते आहे. तेल होतं की नव्हतं, आणि होतं तर मला का नाही, याचा लेखी खुलासा गुरुवार, २२ तारखेच्या संध्याकाळी पाचपर्यंत माझ्या हाती पडला पाहिजे. तोवर घरी येऊन गोड बोलायचं नाही.

अलमेलू आत्या


तंजावर

तीर्थरूप अक्का हिला व्यासराजाचा साष्टांग नमस्कार.

इकडे सर्व क्षेम आहे. पाऊस मात्र उसंत देत नाही. टपालही वेळेवर निघेल असे वाटत नाही.

सध्या जिकडे तिकडे तेलाचीच चर्चा आहे. काल क्लबात एक डेप्युटी कलेक्टर सांगत होते की हे लांबले तर खाजगी मोटारी बंदच ठेवाव्या लागतील. आमच्या गावच्या बसवाल्याने एक फेरी कमी केली आणि तिकीट तेवढे वाढवले. टंचाई अजून यायची आहे, पण तिच्या नावाने वसुली सुरू झाली.

दत्ताजीने तुला तेल दिले नाही म्हणून त्याच्यावर रागावू नकोस. बिचारा व्यापारी आहे. वरून माल आला तर तो देणार. अशा दिवसांत जुने इंजिन कमी तेलावर चालवण्यात धोका असतो, असे जाणकार सांगतात. मला वाटते, गाडी काही महिने झाकून ठेवावी. एन्नोरला आगगाडी जातेच. नाहीतर तू सरळ इकडेच ये. मार्गळीच्या महिन्यात देवळातले पहाटेचे भजन तुला आवडते. आमच्या सौ. अन्नपूर्णाबाई तुझ्यासाठी माडीवरची खोली झाडून घेत आहेत.

तुझा,
व्यासराज


वेस्ट मांबलम
२१ नोव्हेंबर १९५६

ती. अलमेलू आत्यांना दत्ताजीचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. तुमच्या पत्रातला शब्दन्‌शब्द खरा आहे आणि तरीही माझी बाजू ऐकावी.

पिंपं भरलेली आहेत हे खरं. पण आत्या, तेल पिंपात असणं वेगळं आणि माझं असणं वेगळं. ती लॉरीवाल्यांनी आधीच सांगून ठेवलेली आहेत. कंपनीचा माणूस परवा येऊन गेला. म्हणाला, "डिसेंबरात निम्माच माल धर, आणि भाव माझ्या तोंडून ऐकू नकोस." गॅलनमागे चार आणे तर आत्ताच चढले. दुकान उघडायच्या आत लोक रांगेत उभे असतात, हातात दुधाच्या बरण्यासुद्धा असतात. काल एकानं विचारलं, "एरंडेल घातलं तर चालतं का हो इंजिनाला?" मी म्हटलं, "इंजिनाला जुलाब होत नाहीत, पण तुमचे पैसे जातील." हसला नाही कुणी.

जे गाडीवर पोट भरतात त्यांना आधी द्यावं, असं मी ठरवलं आहे. तुम्हीच शिकवलंत की रांगेत नातं पाहू नये.

तुमची गाडी तेवढे दिवस विश्रांती घेऊ दे. मंगळवारी मी टॅक्सी पाठवीन, ती तुम्हाला एन्नोरला नेऊन आणील. घरातून विजयलक्ष्मीनं सांगितलं आहे की आत्यांना रविवारी जेवायला बोलवा, डांगर पचडी करीन. टॅक्सीच येईल न्यायला.

रागावू नये.

आपला,
दत्ताजी


पुरसवाक्कम, मद्रास
शनिवार, २४ नोव्हेंबर १९५६

व्यासराज,

तुझं पत्र बुधवारी आलं. तारीख नाही. तू वकील, तारीख नसलेला कागद तू कोर्टात पुढे करशील का? बहिणीला मात्र चालतो. टपालाचा शिक्का तरी पाहावा म्हणून पाकीट उजेडात धरलं, तर तोही पुसट. तुमच्या तंजावरच्या पोस्टात शाईत पाणी घालतात की काय? आमच्या ऑफिसात असा शिक्का आला असता तर मी त्या पोस्टमास्तराला कागद पाठवला असता.

दत्ताजीनं सोमवारी रात्रीच तुला लिहिलेलं दिसतं. माझ्या आधी तुझ्याकडे धावला, म्हणजे मनात चोर आहे. त्याचा खुलासाही वेळेत आला, आणि खुलासा चांगला आहे. फार चांगला आहे. जो मुलगा लहानपणी 'दूध मी सांडलं' एवढं तीन शब्दांत सांगायचा, त्यानं दोन पानं भरून मला जगाचा व्यापार समजावून दिला.

मी काही टॅक्सीत बसणार नाही. टॅक्सीनं जायचं म्हणजे कधी निघायचं ते दत्ताजी ठरवणार, कधी उठायचं ते टॅक्सीवाला. मी साडेचार झाले की घड्याळाकडे पाहणार आणि लिलियन म्हणणार, "जा, तुझा माणूस थांबलाय." त्रेसष्ट वर्षांत माझा कुठेही कुणी माणूस थांबला नव्हता आणि मी कुणाला विचारून उठले नव्हते. तुला हे कळणार नाही. तू नेहमी मागच्या सीटवर बसलास.

आणि आता ऐक. मला तेल मिळालं. मौंट रोडच्या मागच्या एका गल्लीत, दीडपट भावानं. विकणारा म्हणाला, "पुढच्या आठवड्यात दुप्पट होईल अम्मा, नशीबवान आहात." चोर आहे, पण तोंडावर चोर आहे. गाडीचं थोडं काम निघालं आहे, मेकॅनिक ती मला तीन तारखेला देणार. मंगळवार, ४ डिसेंबरला सकाळी आठ वाजता मी एन्नोरला निघणार. लिलियनला तसं कार्ड टाकलं आहे.

तंजावरला येण्याबद्दल: मार्गळीचं भजन मला आवडतं. पण ज्या घरी गाडी झाकून यायला सांगतात, तिथे मी जात नाही.

अलमेलू


तंजावर
२६ नोव्हेंबर १९५६

चि. दत्ताजीस अनेक आशीर्वाद.

अक्काचे पत्र आले. तिने तेल मिळवले. चार तारखेला ती गाडी घेऊन निघणार आहे. आपला बेत मोडला.

माझ्या हातून एक गाढवपणा झाला आहे. तू मला चौदा तारखेला लिहिलेस की शनिवारी ती आली की तेल नाही म्हणून सांगेन. मी शनिवारी सकाळीच तिला समजुतीचे पत्र टाकून मोकळा झालो. ती शनिवारी आलीच नाही, हे मला कसे कळावे? नशिबाने मी तारीख घातली नव्हती आणि पावसामुळे टपाल चार दिवस अडकले. शिक्का तिला वाचता आला नाही. ज्या बाईने तीस वर्षे देशभरचे बिघडलेले पत्ते वाचून पत्रे ज्याच्या त्याच्या घरी पोचवली, तिला माझ्या पाकिटावरचा शिक्का वाचता आला नाही.

तू म्हणतोस, काका, तुम्ही सांगा. मी तीस वर्षे वकिली केली. जिल्हा न्यायाधीशाला भर कोर्टात 'आपले चुकते आहे' असे म्हणालो आहे. अक्काला नाही. वडील गेले तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. नातेवाईक नाके मुरडत असताना तिने नोकरी धरली आणि मला शिकवले. पुढे एकदा भरल्या पंगतीत मी बोलून गेलो की बायकांना मोटार झेपत नाही. सहा महिन्यांनी मी मद्रासला उतरलो, तर एग्मोर स्टेशनाबाहेर ही स्वतःच्या गाडीत, हातमोजे घालून, स्टीअरिंगमागे बसलेली. मला म्हणाली, "मागे बस." एवढेच. आता त्याच गाडीतून 'उतर' असे तिला मी सांगू?

पण आणखी एक विचार मला झोपू देत नाही. पेपरात येते आहे की कालवा काही महिन्यांत साफ होईल. जहाजे येऊ लागतील, भाव उतरतील. मग तिला काय सांगायचे? आपण सगळा भार एका कालव्यावर टाकला आणि तो तर उघडणार आहे. तिचे डोळे मात्र आपोआप उघडायचे नाहीत.

तू जवळ आहेस. त्या दिवशी गल्लीत जे झाले ते तू पाहिलेस. काहीही कर, पण चार तारखेला तिला रस्त्यावर येऊ देऊ नकोस.

तुझा,
व्यासराज काका


पुरसवाक्कम, मद्रास
गुरुवार, २९ नोव्हेंबर १९५६

दत्ताजी,

आज सकाळी सरोजा पेपर वाचायला आली तेव्हा टेबलावर व्यासराजचं पाकीट पडलं होतं. मी सहज म्हटलं, "बघ, कसे शिक्के मारतात. काही म्हणता काही दिसत नाही." तिनं पाकीट घेतलं आणि खिडकीशीही न जाता, उभ्या उभ्या वाचलं: तंजावर, १७ नोव्हेंबर, सकाळी अकरा.

मी म्हटलं, "नीट बघ. पुसट आहे."

ती म्हणाली, "नाही पाट्टी, चांगला काळाकुट्ट आहे की."

मी तिला दारापाशी उभं केलं, म्हणजे माझ्या खोलीतला सगळ्यात अंधारा कोपरा. तिथूनही तिनं तेच वाचलं. बारा वर्षांची पोर आहे, खोटं बोलायला अजून शिकलेली नाही. तेवढ्यात तिच्या आईनं हाक मारली म्हणून गेली, ते बरं झालं.

आता हिशेब सोपा आहे. सतरा तारखेला सकाळी अकरा वाजता तंजावरात बसून व्यासराज मला लिहितो की दत्ताजीनं तेल दिलं नाही म्हणून रागावू नकोस. तू मला तेल नाकारलंस एकोणीस तारखेला, दहा चाळीसला. म्हणजे माझी गाडी तुझ्या दारात उभी राहण्याच्या दोन दिवस आधी तुम्ही दोघांनी ठरवलं होतं. कालव्याचा याच्याशी काही संबंध नाही. लॉरीवाल्यांचा नाही. रांगेत नातं पाहू नये, हे माझं वाक्य तू माझ्याच अंगावर टाकलंस, त्याचाही नाही.

का?

मी सकाळपासून वेगवेगळी उत्तरं करून पाहिली. माझी गाडी तुम्हाला विकायची आहे? तिला कोण घेणार! मी खर्च फार करते? माझ्या पेन्शनीवर तुमचा काय हक्क? मी म्हातारी झाले, लोक हसतात? लोक १९३७पासून हसताहेत. यातलं कुठलंच उत्तर बसत नाही. एक बसतं, पण ते मी लिहिणार नाही. ते तू लिही.

एका ओळीत लिहिलंस तरी चालेल. शनिवार, १ डिसेंबर, संध्याकाळी पाच. नाही आलं, तर मंगळवारी सकाळी आठला मी निघाले असं समज.

अलमेलू आत्या


वेस्ट मांबलम
शुक्रवार, ३० नोव्हेंबर १९५६

ती. अलमेलू आत्यांना नमस्कार.

तुमचं पत्र आत्ताच आलं. दुकान माणसावर टाकून मागच्या खोलीत बसून लिहितो आहे.

आत्या, तुम्हाला दिसत नाही.

ही ती एक ओळ. पुढचं वाचावं, अशी विनंती आहे.

सोमवार, १२ नोव्हेंबरला तुम्ही दुकानाकडे आलात, शनिवारी राहिलेला गाडीचा पट्टा न्यायला. मी पायरीवर उभा होतो. तुम्ही गल्लीत वळलात. कोपऱ्यावर एक फुलवाली बसते, कित्येक वर्षं त्याच जागी. गाडी सरळ तिच्या अंगावर आली. ती मागे सरकली म्हणून वाचली. टोपली चाकाखाली गेली आणि डाव्या चाकाखाली तिचं पाऊल आलं. ती ओरडली. समोरचा चहावाला ओरडला. तुम्ही हॉर्न वाजवलात आणि तशाच पुढे येऊन माझ्या दारात थांबलात. काच खाली करून मला म्हणालात, "काय रे, कॉर्पोरेशननं गल्लीत दगड टाकलेत का? केवढा हिसका बसला!"

मी तुमच्या तोंडाकडे पाहिलं. तुम्हाला खरंच माहीत नव्हतं. तुम्ही पट्टा घेतलात, माझ्या बाहीला डाग आहे म्हणून मला बोललात, आणि दुसऱ्या बाजूनं निघून गेलात. मी 'हो आत्या' म्हणालो. फक्त 'हो आत्या'.

मग धावलो. माणसं जमली होती. चहावाला तावातावानं म्हणत होता, "गाडीचा नंबर घ्या, पोलिसात चला." फुलवाली पाऊल धरून बसली होती. तीच म्हणाली, "ओरडू नका त्या म्हाताऱ्या पाट्टीवर. तिला मी दिसलेच नाही. डोळे बघितले मी तिचे, माझ्यावरच होते, पण मी त्यांत नव्हते. पावम, बिचारी." मी तिला इस्पितळात नेलं. पायाची दोन बोटं मोडली आहेत. पोलिसात कुणी गेलं नाही. तिचं औषधपाणी मी बघतो आहे.

मी तुम्हाला सांगायला हवं होतं. त्या रात्री लिहायला बसलो आणि 'ती. आत्या' याच्यापुढे गेलो नाही. तुमच्या घरी सहा वर्षं राहिलो, तुम्ही एकदाही मारलं नाहीत, नुसत्या बघायचात. त्या नजरेला मी अजून भितो. तिला दिसत नाही, असं तिलाच कसं सांगू? मग काकांना लिहिलं. सगळीकडे तेलाची बोंब चाललेलीच होती. गावातला प्रत्येक दुकानदार ज्याला माल द्यायचा नाही त्याला सुएझ सांगत होता. मलाही ते हाताशी आलं. खोटं मी रचलंसुद्धा नाही, तयारच मिळालं. टंचाई खरी आहे आत्या, भाव खरेच चढताहेत, पण तुमच्यापुरतं एक गॅलन तेल माझ्याकडे नेहमी असतं. तुम्ही छत्रीनं पिंपं वाजवत होतात तेव्हा मनात आलं, या दुकानात खरं बोलणारी ही तिघंच.

बाईचं नाव सांगत नाही, कारण तुम्ही त्याच दिवशी तिथे जाल, आणि गाडीनंच जाल.

एग्मोरच्या डोळ्यांच्या इस्पितळात माझ्या ओळखीचे एक डॉक्टर आहेत. मोतीबिंदू असेल तर काढता येतो. नसेल तर काय, ते मला माहीत नाही. म्हणाल तेव्हा मी बरोबर येईन.

मंगळवारी निघू नका. पाया पडतो.

दत्ताजी


पुरसवाक्कम, मद्रास
सोमवार, ३ डिसेंबर १९५६

दत्ताजी,

तुझं पत्र शनिवारी दुपारी तीनच्या टपालानं आलं. मुदतीत आलं.

सरोजाला मराठी येत नाही. भिंग घेऊन स्वतः वाचलं. दोन तास लागले. पहिला अर्धा तास मी तुझ्या अक्षराला नावं ठेवत होते. मग आठवलं की तुझ्या अक्षराला मीच वळण लावलं आहे. त्यात दोष नाही.

रविवारी सकाळी मी रस्त्यावर गेले. १९३७ साली परवाना देताना इन्स्पेक्टरनं मला पंचवीस यार्डांवरून दुसऱ्या मोटारीची पाटी वाचायला लावली होती. मी पाटी वाचली आणि वर ती मोटार किती दिवस धुतलेली नाही तेही सांगितलं होतं. काल शेजारच्या घरी पाहुण्यांची मोटार उभी होती. पंचवीस यार्डांवरून पाटीच दिसली नाही. दहावर पांढरं काहीतरी दिसलं. शेवटी मी हातानं चाचपत आकडे वाचत होते, तेव्हा तो पाहुणा बाहेर आला आणि म्हणाला, "काही हरवलं का अम्मा?" मी त्याला सांगितलं की तुमची पाटी सैल झाली आहे. एवढं खोटं मी काल बोलले. तेव्हा तुला खोटारडा म्हणायचा माझा हक्क थोडा कमी झाला, हे मान्य.

मी हे सगळं दोन वर्षांपासून जाणत होते का? स्वतःला विचारून पाहिलं. छापखाने, घड्याळवाले, पोस्ट, कॉर्पोरेशन, प्रत्येकाला मी दोष दिला होता. अख्ख्या मद्रासेची शाई एकदम पुसट होत नसते. तू सुएझ पुढे केलास तो दोन आठवडे. माझ्याकडे असले कालवे पुष्कळ होते.

आता गाडी. मेकॅनिक आज घेऊन आला. मी ती शेडमध्ये ठेवायला लावली आणि चावी सरोजाच्या आईकडे दिली. विकणार नाही. गुरुवारी एग्मोरला येईन. सकाळी नऊला न्यायला ये, टॅक्सी आण. डॉक्टर काय सांगतील ते मला सांगतील, तुला नाही. तू बाहेरच्या बाकावर बसायचं. त्यांनी 'चालवा' म्हटलं तर त्या दिवशीच्या भावानं तू मला तेल देशील. 'नाही' म्हटलं तर मी पुन्हा मागणार नाही. दोन्ही गोष्टींची मनाची तयारी करते आहे. दुसरीची होत नाही, पण तो माझा प्रश्न.

उद्या एन्नोरला मी आगगाडीनं जाणार. लिलियनला काय सांगायचं ते बेसिन ब्रिज स्टेशन येईपर्यंत ठरवीन.

पण तक्रार संपलेली नाही, दत्ताजी. ती बदलली. तू मला तेल नाकारलंस, ते मी सोडून दिलं. तुम्ही दोघांनी मला लहान मूल केलंत, तेही एक वेळ सोडीन. व्यासराजला तसं कळव, कारण त्याला मी महिनाभर लिहिणार नाही. जे सोडणार नाही ते हे. १२ नोव्हेंबरला मी एका बाईच्या पायावरून गाडी नेली. आज ३ डिसेंबर. एकवीस दिवस ती बाई त्या पावलावर बसून हार गुंफते आहे आणि मी घरात बसून एका गॅलन तेलासाठी भांडते आहे. तिच्या मनात मी कोण आहे? ठोकर मारून हॉर्न वाजवत जाणारी. आणि तरी ती मला 'पावम' म्हणाली. मला आजवर कुणी पावम म्हटलं नव्हतं. रागावून म्हणाली असती तर मी उत्तर दिलं असतं.

औषधपाणी तू बघतो आहेस, ते आजपासून बंद. ते माझं काम आहे. तू माझ्या वतीनं दया केलीस आणि मला माफी मागण्यातून वगळलंस. हा अधिकार तुला कुणी दिला?

मी तिच्याकडे गाडीनं जाणार नाही. ट्रेननं मांबलमला उतरेन आणि तुझ्या दुकानापर्यंत चालत येईन. पुढे कोपऱ्यापर्यंत तू हात धर, कारण मला ती कुठे बसते ते दिसायचं नाही आणि मला दुसऱ्यांदा तिच्या अंगावर जायचं नाही.

म्हणून मला लेखी हवं आहे: तिचं नाव, पूर्ण. ती किती वाजता येते, किती वाजता उठते. कुठलं पाऊल. घरी कोण आहे. आणि तिच्यासमोर उभी राहिले की पहिलं काय बोलावं. हे मी तुला विचारते आहे, कारण तू तिला ओळखतोस आणि मी तिला अजून पाहिलेलं नाही.

शनिवार, ८ डिसेंबर १९५६, संध्याकाळी पाचपर्यंत. तोंडी निरोप चालणार नाही. शाई काळी वापर आणि अक्षर मोठं काढ.

अलमेलू आत्या